थ्री नॉट थ्री: भेट काय देता येते आणि काय नाही

थ्री नॉट थ्री म्हणजे .३०३ इंच बोअरची ली-एनफिल्ड रायफल. पहिल्या महायुद्धापासून १९६२च्या चीन युद्धापर्यंत भारतीय पायदळाच्या हातात मुख्यतः तीच होती, आणि लष्कराने सोडल्यावर पोलिसांनी ती पुढे कित्येक दशके वागवली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२०च्या प्रजासत्ताक दिनी. तिचे सर्वांत ओळखीचे रूप ‘शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड, मार्क तीन’ हे १९०७ साली ब्रिटिश सैन्यात आले. लांबी सुमारे ११३ सेंटिमीटर, वजन चार किलोच्या आसपास, पेटीत दहा गोळ्या आणि दर गोळीनंतर हाताने मागेपुढे करायचा बोल्ट. बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यात ती लाखांनी तयार झाली.

बेळगावच्या पश्चिमेला, चंदगडच्या डोंगरांच्या दिशेने असलेल्या बेळगुंदी परिसरात ही रायफल परकी नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावातच आहे. १९२२च्या पुनर्रचनेनंतर रेजिमेंटचे प्रशिक्षण तिथे एकवटले. भोवतालच्या गावांतून आणि निपाणी, चंदगड, गडहिंग्लज पट्ट्यातून पोरे तिथे भरतीला उभी राहत आली आहेत. मग आजोबांच्या पंचाहत्तरीला किंवा सुभेदार म्हणून पेन्शनवर आलेल्या काकांना ‘त्यांची’ रायफल भेट द्यावी, भिंतीवर लावावी, ही कल्पना घरात निघते. परदेशात राहणाऱ्या नातेवाइकाच्या तोंडून तर ती हमखास निघते, कारण अमेरिकेत अशी रायफल दुकानात मिळते.

भारतात मात्र या भेटीची सुरुवात रायफल निवडण्यापासून होत नाही, कायद्यापासून होते. शस्त्र नियम, २०१६च्या पहिल्या अनुसूचीत .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटर बोअरच्या रायफली, तसेच या बोअरचे लष्करी काडतूस ज्यांत बसते आणि उडते अशा इतर रायफली, एका वेगळ्या वर्गात टाकल्या आहेत. बोलीत याला ‘पीबी’ म्हणजे प्रोहिबिटेड बोअर म्हणतात. त्याचा परवाना जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळत नाही. तो केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हातात असतो आणि संग्रहाच्या हौसेसाठी दिला जात नाही. लष्कर किंवा पोलीस जुन्या रायफली मोडीत काढतात तेव्हा त्या नागरिकांना लिलावात विकत नाहीत. विनापरवाना पीबी शस्त्र सापडले तर शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान ७ आणि कमाल १४ वर्षांची कैद आहे. ‘जुनी आहे, नुसती शोभेची आहे’ हा बचाव रायफल उडत असेल तर चालत नाही.

लष्करी बोअर नागरिकांच्या हातात नको, ही भूमिका स्वातंत्र्यानंतरची नाही. ती याच मुलखात रक्त सांडून रुजली. १८५७च्या निःशस्त्रीकरण कायद्याने हत्यारे सरकारजमा करण्याचा किंवा परवाना घेण्याचा हुकूम निघाला, तेव्हा घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानातल्या हलगली गावच्या बेडर समाजाने तो धुडकावला. त्यांचा उठाव इंग्रजी फौजेने चिरडला, गाव जाळले. पुढच्या वर्षी नरगुंदच्या बंडात ईस्ट इंडिया कंपनीचा राजकीय अधिकारी चार्ल्स मॅन्सन मारला गेला. १८७८च्या शस्त्र कायद्याने परवान्याची पद्धत देशभर पक्की केली. त्यानंतर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला .३०३ बोअर खाजगी वापरातून वगळला गेला. सैन्याची गोळी बंडखोराच्या बंदुकीत बसू नये, एवढा साधा हिशोब त्यामागे होता. १९५९चा आजचा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम तोच हिशोब पुढे चालवतात.

या बंदीतूनच संग्राहकाला उपयोगी पडणारी एक गोष्ट जन्मली. शिकारी आणि मळेवाले यांना रायफल तर हवी होती, पण लष्करी काडतूस चालत नव्हते. तेव्हा विलायतेतल्या बीएसएसारख्या कारखान्यांनी ली-एनफिल्डच्याच सांगाड्यावर .३१५ बोअरची नळी चढवली. हे काडतूस मुळात ऑस्ट्रियाच्या जुन्या लष्करी ८ मिलिमीटर मानलिखर काडतुसाचे भावंड. बोल्ट तोच, पेटीची बैठक तीच, फक्त नळी वेगळी, त्यामुळे ही रायफल ‘एनपीबी’ म्हणजे प्रतिबंध नसलेल्या वर्गात बसते. स्वातंत्र्यानंतर ईशापूरने .३१५ स्पोर्टिंग रायफल काढली आणि ती आजही बनते; २०२१ साली आयुध निर्माणी मंडळाची विभागणी झाल्यावर ईशापूर अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या सरकारी कंपनीकडे गेले. काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातून येतात आणि त्यांच्या बुडावर ‘केएफ’ ही खडकी फॅक्टरीची अक्षरे असतात. थ्री नॉट थ्रीच्या जवळ जाणारी, उडणारी आणि कायद्यात बसणारी रायफल भारतात हवी असेल, तर ती हीच. जुनी बीएसए .३१५ चांगल्या स्थितीत असेल तर कुठल्याही नव्या रायफलीपेक्षा तिला जास्त मान द्यावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे; तिच्या लाकडाची आणि बोल्टच्या घासणीची सफाई आजच्या मालात दिसत नाही.

अशी जुनी रायफल निवडताना पाहायच्या गोष्टी थोड्या, पण नेमक्या आहेत. दस्त्याच्या मानेपाशी, जिथे लोखंड लाकडाला मिळते, तिथे कारखान्याचे नाव आणि साल कोरलेले असते. बॉडी, बोल्ट आणि नळी यांवरचे क्रमांक जुळले तर रायफल मूळच्याच भागांची. बोल्टचा क्रमांक वेगळा असेल तर तो कधीतरी बदललेला आहे, आणि मग गनस्मिथकडून नळी व बोल्ट यांच्यातले अंतर मोजून घेतल्याशिवाय ती उडवू नये. नळीच्या आतले पेच उजेडाकडे धरून पाहावेत. खड्डे पडलेली, पेच झिजलेली नळी बाहेरून कितीही चकचकीत असली तरी रायफल निकामी. लाकूड तडकलेले आहे का, विशेषतः बोल्टच्या मागे, तेही पाहावे. बाजारात नव्याने काळा रंग आणि पॉलिश मारलेली रायफल जास्त किमतीला खपते, पण जाणकार तिच्यापासून दूर राहतो. घासून पुसट झालेली अक्षरे परत येत नाहीत आणि क्रमांक वाचता न आलेल्या रायफलीचा परवान्यावरचा तपशील पडताळायलाच अडचण होते.

देणे-घेणे कसे होते, इथे बहुतेकांचा गोंधळ उडतो. शस्त्र पुडीत बांधून हातात ठेवता येत नाही. घेणाऱ्याकडे आधी परवाना हवा; वय २१च्या वर हवे; पोलिसांचा अहवाल, वैद्यकीय दाखला, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था आणि हाताळणीचे प्रशिक्षण हे सगळे अर्जाबरोबर लागते. देणारा व्यापारी नसून खाजगी परवानाधारक असेल, तर शस्त्र कायद्याच्या कलम ५प्रमाणे त्याने जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला आपला इरादा आणि घेणाऱ्याचे नाव-पत्ता लेखी कळवायचा आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचे. वाढदिवस गाठायचा तर अर्ज त्याच्या कितीतरी आधी करावा लागतो, आणि अचानक आनंदाचा धक्का देणे तर अशक्यच. शिवाय २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. वडिलोपार्जित बंदूकही या मर्यादेत मोजली जाते. आजोबांकडे शेताची बाराबोरी आणि एक रिव्हॉल्व्हर आधीच असेल तर तिसरी बंदूक त्यांना भेट देताच येत नाही.

सीमाभागात आणखी एक बाब लक्षात ठेवावी लागते. शस्त्राचा परवाना कुठल्या क्षेत्रात चालतो ते परवान्यावर लिहिलेले असते. बेळगुंदीहून महाराष्ट्राची हद्द काही किलोमीटरवर आहे, पाहुणे चंदगडला आणि लग्न कोल्हापुरात, हे इथले रोजचे जगणे. पण कर्नाटकापुरता परवाना असलेली रायफल घेऊन शिनोळी ओलांडली तर गुन्हा होतो. निवडणुका आल्या की शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात, आणि विधानसभा निवडणुकीत तेही दोन्ही राज्यांत वेगवेगळ्या वेळी.

कुटुंबातल्या कुटुंबात मात्र कायद्याने एक सोय ठेवली आहे, आणि भेट या शब्दाला खरोखर जागणारी वाट तीच आहे. परवानाधारक वारला तर त्याच्या कायदेशीर वारसाला त्याच शस्त्राचा परवाना मागता येतो. तो हयात असतानाही, वयाची ७० वर्षे पुरी झाली किंवा शस्त्र २५ वर्षे जवळ असले, यांपैकी जे आधी होईल तेव्हा, तो आपल्या पसंतीच्या वारसाचे नाव सुचवू शकतो. म्हणजे आजोबांना रायफल देण्यापेक्षा आजोबांनी रायफल देणे सोपे. वारसाला पात्रतेच्या बाकी अटी लागू असतातच. वारस कोण हे ठरायच्या आधी परवानाधारक गेला, तर बंदूक घरात तशीच ठेवू नये. ती ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करून पावती घ्यावी. ट्रंकेत वर्षानुवर्षे पडून राहिलेली आजोबांची बंदूक पुढच्या पिढीच्या गळ्यात खटला अडकवते, तो बहुतेक वेळा याच हलगर्जीपणातून.

बेळगुंदीसारख्या गावात जुने हत्यार म्हणून प्रत्यक्षात जे आढळते ते लष्करी नसतेच. पश्चिमेच्या डोंगराकडेला भात, रताळी, काजू यांची राखण करायला रानडुकरांसाठी दिलेल्या पीक-संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक, नाहीतर एकनळी बाराबोरी. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि छर्रे नळीच्या तोंडातून भरून गजाने ठासतात. तिचा घोडा, चापाची घडण आणि दस्त्यावरचे पितळी काम पाहण्यासारखे असते. मूळ परवान्याचा हेतू पीक राखणे हा असल्यामुळे शेती सोडून शहरात गेलेल्या मुलाला ती सहज मिळेल असे नाही. त्याच कर्नाटकात कोडगूची गोष्ट निराळी. तिथल्या कोडव समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना ब्रिटिश काळापासून परवान्यातून सूट आहे आणि केंद्राने ती २०२९पर्यंत वाढवली आहे. कैलपोळद सणाला तिथे घरोघरी बंदुकांची पूजा होते. बेळगावच्या खंडेनवमीला परवान्याशिवाय तसे करता येत नाही.

न उडणाऱ्या रायफलीचे काय, हा पुढचा प्रश्न. शस्त्र कायद्याचे कलम ४५ सांगते की कालबाह्य बनावटीचे, पुरातन मूल्याचे किंवा मोडके शस्त्र, जे दुरुस्ती करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला हा कायदा लागू नाही. इथे ‘दुरुस्ती करूनही’ ही अट कळीची आहे. नळीत खिळा ठोकला, चाप काढून ठेवला, एवढ्याने ते भागत नाही. एनसीसीच्या आणि पोलिसांच्या कवायतीसाठी वापरलेल्या ‘डीपी’ म्हणजे ड्रिल पर्पज रायफली अनेकांनी शाळेत खांद्यावर घेतलेल्या असतात. त्यांच्या नळीच्या बुडाला भोक पाडून त्या निकामी केलेल्या असतात. तरीही त्या सरकारी मालमत्ता आहेत. भंगारातून आली म्हणून कुणी अशी रायफल विकायला आणली, तर ती चोरीची असण्याचीच शक्यता मोठी. क्युरिओ, म्हणजे संग्रहमूल्य असलेल्या जुन्या छोट्या शस्त्रांना २०२० साली केंद्राने बाळगण्याच्या परवान्यातून सवलत दिली. ती वापरायची, बरोबर न्यायची किंवा त्यांची काडतुसे विकत घ्यायची तर परवाना लागतोच. आपल्या हातातली वस्तू या सवलतीत बसते हे आपणच ठरवून मोकळे होऊ नये, जिल्हाधिकारी कार्यालयाचा लेखी निर्वाळा घ्यावा. शंभर वर्षांहून जुनी बंदूक पुरावस्तू कायद्याखालीही येते, आणि मग खाजगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. चंदगडच्या वाड्यातली ठासणीची बंदूक न्यू जर्सीच्या भाच्याला पाठवण्याचा बेत इथेच संपतो.

हे सगळे वगळून उरते ते रायफलीच्या भोवतीचे सामान, आणि जुन्या फौजीला ते रायफलीइतकेच ओळखीचे असते. ली-एनफिल्डच्या दस्त्याच्या बुडाला पितळी झडप असते. तिच्या आत पितळी तेलाची बाटली आणि नळी साफ करायची वजनी टोकाची दोरी, म्हणजे पुलथ्रू, ठेवलेली असे. ही बाटली, कापडी पट्टा, १९०८ बनावटीचे विणलेले पट्टे, गोळ्यांच्या क्लिपा ठेवायचे बांडोलियर हे सगळे सुटे सामान आहे. बंदुकीशिवाय ठेवले तर त्यासाठी परवाना लागत नाही. रायफलीच्या लाकडाला पूर्वी जवसाचे तेल चोळत, ते बाटलीला किंवा पट्ट्याला लावू नये. पितळ फक्त कोरड्या मऊ कापडाने पुसावे, ब्रासोने घासून कोरलेली अक्षरे घालवू नयेत. संगीन मात्र जपून. १९०७च्या बनावटीच्या संगिनीचे पाते १७ इंच असते आणि शस्त्र नियमांत संगीन धारदार हत्यारांच्या वर्गात मोडते. या वर्गाला परवाना लागतो तो अधिसूचित भागातच. म्हणून घेण्यापूर्वी स्थानिक ठाण्यात विचारणे शहाणपणाचे. आणि काडतुसाची रिकामी नळकांडी वेगळी, जिवंत काडतूस वेगळे. बेळगावच्या सांबरा विमानतळावर बॅगेत एक जिवंत काडतूस सापडले तरी शस्त्र कायद्याची कारवाई होते, ते आजोबांची आठवण असले तरी.

भेट निवडताना माणसाच्या नोकरीचा काळ आधी पाहावा, कारण घरच्या गोष्टींत हत्यारांची सरमिसळ झालेली असते. १९६२पर्यंत भरती झालेला शिपाई थ्री नॉट थ्रीचा. त्यानंतर ७.६२ची एसएलआर आली, आणि दरम्यान ईशापूरने ली-एनफिल्डचाच सांगाडा ७.६२ बोअरसाठी मजबूत करून २ए आणि २ए१ या रायफली काढल्या, ज्यांची चौकोनी पेटी बारा गोळ्यांची असते. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीपासून इन्सास. १९८०मध्ये भरती झालेल्या हवालदाराला थ्री नॉट थ्रीची बाटली दिली तर तो हसून बाजूला ठेवील. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटला मिळालेल्या दोन व्हिक्टोरिया क्रॉसचेच पाहा. इटलीत १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे यांनी मशीनगनच्या ठाण्यावर झडप घातली ती टॉमी गन घेऊन, आणि पेटी बदलायला वेळ नाही म्हणून शेवटी तिच्याच नळीला धरून शत्रूला हाणले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी हाताला जखम झाल्यावर टॉमी गन टाकून हातबॉम्ब वापरले. दोघांच्याही शौर्यात थ्री नॉट थ्री नाही, तरी त्यांच्या नावाच्या कार्यक्रमांत मंचावर तीच ठेवलेली दिसते.

सर्वांत मोलाची आणि कायद्याच्या दृष्टीने सर्वांत निर्धोक वस्तू म्हणजे पदके आणि कागदपत्रे. दोन्ही महायुद्धांत भारतीय सैनिकांना दिलेल्या पदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांच्या पदकांवर तसे नाव नव्हते, भारतीयांच्या पदकांवर होते. घरातून पूर्वी सोनाराकडे किंवा भंगारात गेलेले पदक या कोरीव नावामुळे ओळखून परत मिळवता येते, आणि नातवाने शोधून आणलेले ते पदक कुठल्याही रायफलीपेक्षा योग्य भेट आहे. डिस्चार्ज बुकावर भरतीची तारीख, पलटणी आणि मोहिमा असतात. त्याची चांगली प्रत काढून मूळ कागद सपाट आणि कोरडा ठेवावा.

युद्धातून ‘आणलेली’ हत्यारे हा वेगळाच विषय. पकडलेले शस्त्र सरकारचे असते, शिपायाचे नाही. ते पलटणीच्या क्वार्टर गार्डात किंवा संग्रहालयात राहते. शत्रूकडून थेट ‘भेट’ आल्याची गोष्ट मात्र रेजिमेंटच्या इतिहासात आहे. डिसेंबर १९७१मध्ये पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरला रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनने, म्हणजे जंगी पलटणीने, वेढा घातला, तेव्हा ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांच्या, शरण येण्यास सांगणाऱ्या पत्राला पाकिस्तानी कमांडर सुलतान अहमद याने उत्तर पाठवले ते चिनी ७.६२च्या गोळीभोवती गुंडाळून. समोरच्याला डिवचणारी भेट यापेक्षा ठसठशीत दुसरी नसेल.

परदेशातल्या मराठी कुटुंबांसाठी नियम वेगळे. अमेरिकेने १९६८ साली घातलेली लष्करी रायफलींच्या आयातीवरची बंदी १९८०च्या दशकात सैल झाल्यावर ईशापूरच्या रायफली तिथे मोठ्या संख्येने गेल्या. त्यामुळे स्वतःच्या देशात कुणाला मिळत नाही ती ईशापूर २ए१ डॅलसच्या दुकानात मिळते. पन्नास वर्षांहून जुन्या रायफली तिथे ‘क्युरिओ अँड रेलिक’ वर्गात येतात. जो स्वतः रायफल बाळगू शकतो अशा माणसाला ती भेट देण्यास मुभा आहे, पण दुसऱ्या राज्यात राहणाऱ्याला ती परवानाधारक दुकानदारामार्फतच द्यावी लागते, आणि बंदूक बाळगायला मनाई असलेल्या माणसासाठी दुसऱ्याने आपल्या नावावर खरेदी करणे हा मोठा गुन्हा ठरतो. अशी २ए१ घेताना जुन्या .३०३ च्या गोळ्या तिच्यात घालू नयेत, उलटही करू नये. ब्रिटनमध्ये लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे निकामीकरणाचे प्रमाणपत्र असलेली रायफल शोभेसाठी घेता येते. ते प्रमाणपत्र भारतीय कस्टम्सला पुरत नाही, आणि नागरिकांसाठी बंदुकांची आयात १९८०च्या दशकापासूनच बंदसारखी आहे. तेव्हा बेळगुंदीच्या आजोबांना परदेशातून पाठवायचे असेल तर रायफल तिथल्या घरात ठेवून तिचे छायाचित्र, तिच्यावरचे ईशापूरचे शिक्के आणि साल कागदावर उतरवून पाठवावे, किंवा बेळगाव केंद्राच्या संग्रहालयात त्यांना घेऊन जाण्याची तारीख आधी ठरवून घ्यावी. लष्करी हद्दीतला प्रवेश पूर्वपरवानगीनेच मिळतो.